एकच बॅनर, पाच साइझ आणि वाढत जाणारे शुभेच्छुक: टेम्प्लेट बांधायची कशी?

बार्शीची_डीटीपीवाली

नमस्कार मंडळी. बार्शीत मामांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यातलं फ्लेक्सचं डिझाइन मी बघते. आमचं मशीन नाही. फाईल सोलापूरच्या प्रेसला जाते, संध्याकाळच्या एसटीनं रोल येतो, सकाळी पोरं बांधून टाकतात. डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल एक्स-७ आहे, मराठी श्रीलिपीत टाइप करते.

वाढदिवस, निवड, दशक्रिया, सप्ताह, दुकानाचं उद्घाटन, फिरून फिरून तेच प्रकार येतात. तरी दर वेळी जुनी फाईल उघडून, तोडून, ताणून नवीन करायची. सकाळी सहा बाय चार फूट सांगितलेला बॅनर दुपारी "कमानीसाठी पंधरा बाय तीन पण काढा" असा होतो. शुभेच्छुक सकाळी चार, प्रिंटला जाईपर्यंत अकरा. अकरावा बसवायचा तर आधीचे दहा हलवायचे, त्यात कुणाचा फोटो लहान झाला की त्याचा फोन येतो. आणि फाईलींची नावं विचारू नका, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरं'.

मामांनी ऑनलाइन "पाच हजार बॅनर पीएसडी" असा फोटोशॉपच्या तयार फाईलींचा गठ्ठा घेतला. कमळं, प्रकाशझोत, सोनेरी चौकटी भरपूर आहेत, पण नाव बदललं की अक्षरं चौकटीबाहेर. गणपती दीड महिन्यावर आलेत. स्वतःच्या टेम्प्लेट बांधून ठेवायच्या तर सुरुवात कुठून करू?

पिक्सेलपंत

कॅनव्हावर करा. मराठी फॉन्ट आहेत, तयार टेम्प्लेट आहेत, मोबाइलवरही होतं. कोरलच्या मागे कशाला लागायचं?

कराडचा_फ्लेक्सवाला

पंत, इन्स्टाच्या पोस्टला कॅनव्हा झकास. तिथल्या कुठल्याही टेम्प्लेटमध्ये अकरा शुभेच्छुक बसवून दाखवा, चहा माझ्याकडून.

ताई, माझं कराडला दुकान आहे, मशीनही घरचंच. ते पाच हजार पीएसडी बनवणाऱ्यानं नाव "राम" एवढंच धरलेलं असतं. आपल्याकडे येतं ते "ॲड. ज्ञानेश्वर (माउली) दादा", खाली पद, पदाखाली तालुका. नक्षीपासून सुरुवात केली की असंच व्हायचं. आधी कागद घ्या आणि ऑर्डर बदलली की नक्की काय बदलतं तेवढंच लिहा. उत्सवमूर्तीचा फोटो, त्याचं नाव, निमित्त, नेत्यांची वरची पट्टी, शुभेच्छुक. झालं. या पाच जागा पक्क्या करा, मग मागे कमळ टाका नाहीतर सूर्य उगवा, ते दोन मिनिटांचं काम.

साइझ बनवत बसू नका, आकार बनवा. सहा बाय चार, नऊ बाय सहा, बारा बाय आठ हा एकच आकार झाला. आठ बाय चार, दहा बाय पाच, वीस बाय दहा हा दुसरा. कमानीचे पंधरा बाय तीन आणि वीस बाय चार हा तिसरा. उभा स्टँडी चौथा. गिऱ्हाईक सात बाय चार सांगतं तेव्हा जवळचा आकार उघडायचा, पाचही जागा तशाच ठेवायच्या आणि उरलेला भाग पार्श्वभूमीनं भरायचा. त्यासाठी पार्श्वभूमी पॉवरक्लिपमध्ये (चौकटीबाहेरचं झाकणारी कोरलची सोय) घालून चारी बाजूंनी पानापेक्षा मोठीच ठेवा. सहा बाय चार ओढून पंधरा बाय तीन मात्र कुणाच्या बापाला होत नाही. कमानीत फोटो डाव्या टोकाला जातो, नाव मधे आडवं पसरतं, शुभेच्छुक उजवीकडे. तो वेगळाच बांधायचा, पण एकदाच.

काम फुटाला इंच या मापात करा. माझे वडील पेंटर, कापडावर बोर्ड रंगवायचे. कागदावर इंचाच्या चौकटी, कापडावर फुटाच्या, आणि चौकट बघून चित्र मोठं करायचं. कोरलमध्येही तेच चालतं, वीस बाय दहाचं पान वीस बाय दहा इंचांचं घ्यायचं. फाईल हलकी राहते. उद्या इलस्ट्रेटरवाल्याला दिली तरी अडत नाही, कारण इलस्ट्रेटरचं साधं पान २२७ इंचांपर्यंतच जातं, म्हणजे खरं माप घेतलं तर वीस फुटी बोर्ड बसतच नाही. यात एकच पथ्य आहे. फाईलमध्ये फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) दिसला म्हणून खूश व्हायचं नाही, बारापट मोठा झाला की त्याचे २५ उरतात. लांबून बघायच्या होर्डिंगला ते चालून जातं. दुकानाच्या दारातल्या सहा बाय चारला चेहरा फुटतो, तिथे मी खऱ्या मापात ७२ धरतो.

आता शुभेच्छुक. इथे वेळ घेतो, कारण भांडणं इथेच होतात. पट्टीची उंची पक्की करा आणि फोटोचे गोल किती ते मोजणीवर सोडा. माझ्या प्रत्येक आकाराच्या फाईलमध्ये ही पट्टी वेगवेगळ्या लेयरवर तयार आहे: तिघांची, पाचांची, सातांची, दहांची आणि दोन रांगांत चौदा जणांची. प्रत्येक गोल म्हणजे रिकामी पॉवरक्लिप चौकट. सात जण आले की सातांचा लेयर चालू, बाकीचे बंद. नऊ आले तर दहांचा लेयर आणि एका गोलात मंडळाचं चिन्ह. तुमच्या अकराव्यासाठी चौदांचा लेयर, उरलेल्या तीन जागी मंडळाचं नाव. फोटो आत टाकल्यावर चौकट प्रमाणात भरायचा पर्याय द्या, म्हणजे कुणी बुटका किंवा लांबुळका होत नाही. चेहरे सारखे दिसायला हवेत तर डोळे गोलाच्या मध्यरेषेच्या किंचित वर घ्या. मी त्या उंचीवर एक गाइडलाइन मारून ठेवली आहे.

गोल सगळे एका मापाचे. ज्याला मोठाच हवा त्याच्यासाठी पट्टीच्या टोकाला "आयोजक" म्हणून एकच उभी चौकट ठेवा. दुसरा येऊन "माझाही मोठा करा" म्हणाला की सांगता येतं, जागा एकच आहे, तुमचं तुम्ही ठरवा. दहा फुटी बॅनरवर चौदाच्या वर लोक गेले तर मी फोटो बंद करतो आणि नुसती नावं घेतो. वीतभर गोलात चेहरा ओळखू येत नाही आणि खालचं नाव इंचभराचं उरतं. इंचाचं अक्षर दहा फुटांपर्यंत सुखानं वाचता येतं हा बोर्डवाल्यांचा जुना हिशेब. रस्त्यापलीकडून साठ फुटांवरनं वाचायचं तर सहा इंच पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा असतो. फूटभर गोलाला तो भरपूर. उत्सवमूर्तीचा चार फुटी फोटो मात्र डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

वरची नेत्यांची पट्टी वेगळ्या फाईलीत ठेवा, पक्षवार. २०२२ आणि २०२३ ला राज्यात दोन पक्ष फुटले तेव्हा ज्यांनी पट्ट्या प्रत्येक बॅनरमध्ये चिकटवून ठेवल्या होत्या त्यांनी किती रात्री जागवल्या असतील बघा. आणि कोण कुणाच्या शेजारी हा क्रम गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यायचा. आपण ठरवायचा नाही, सुचवायचाही नाही.

राहिलं तुमचं 'फायनल खरं'. तयार फाईल सीडीआर (कोरलची नेहमीची फाईल) म्हणून नको, 'सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट' करून सीडीटी ठेवा. तिच्यावरून नवीन काम काढलं की बिननावाचं पान उघडतं, मूळ फाईलला धक्का लागत नाही.

बार्शीची_डीटीपीवाली

दादा, लेयरची युक्ती डोक्यातच आली नव्हती. आज पाच आणि सातांची पट्टी करून बघितली, जमतंय.

अजून एक घोळ आहे. नावांची यादी गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. ती कोरलमध्ये चिकटवून श्रीलिपीचा फॉन्ट दिला की चौकोन नाहीतर भलतंच काहीतरी येतं. म्हणून चाळीस चाळीस नावं परत टाइप करते आणि त्यात एखाद्याचा काना राहतो. टेम्प्लेटमध्ये फॉन्ट कुठला धरू?

अक्षरवेडी_पुणे

श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नाहीत, म्हणून तसं होतं. मोबाइलवरून येणारा मजकूर युनिकोडच असतो. टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागा तरी युनिकोडवर न्या. कोरलमध्ये एक्स-६ पासून देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, त्यामुळे तुमच्या एक्स-७ ला अडचण नाही. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोड फॉन्ट येतात. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" सारखं कायमचं शीर्षक जुन्या वळणदार फॉन्टमध्ये कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) ठेवलंत तरी हरकत नाही, ते कुठे बदलतंय. फोटोशॉपमध्ये करत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' लेआउट चालू करा, नाहीतर वेलांट्या सुट्या पडतात.

मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू आणि मोदक हे फॉन्ट फुकट आहेत आणि व्यवसायाला वापरता येतात. नावांना मुक्ता घ्या, त्यात बारीकपासून जाडपर्यंत बरीच वजनं आहेत. बलू मोठ्या नावाला छान दिसतो. मोदक फार गुबगुबीत. गणपतीच्या शीर्षकाला ठीक, दशक्रियेला चुकूनही नको. कुठलाही फॉन्ट घेण्याआधी ल, श आणि ऱ्य टाइप करून बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श आला तर तो मराठीला बसणारा. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात, आणि बार्शीच्या चौकात ते परके वाटतात.

जागेची उंची ठरवताना "कमल" लिहून ठरवू नका. "हार्दिक" घ्या, त्यात रफार आणि वेलांटी दोन्ही वर आहेत. खाली "शुभेच्छुक" घ्या, त्यात उकार लटकतात. या दोन ओळी एकमेकींना न लागता बसल्या की कुठलंही नाव बसेल.

नाव लांब आलं की आडवं दाबून बसवतात ते फार वाईट दिसतं. उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा जाडच राहते. त्यापेक्षा वजन एक पायरी खाली आणा, किंवा आडनाव दुसऱ्या ओळीत घ्या. म्हणून नावाची जागा पहिल्यापासून दोन ओळींची धरा. एका ओळीत मावलं तर अक्षर मोठं करा.

अक्षराला जाड पांढरी किनार देता ना? ती भरणाच्या (अक्षराच्या आतल्या रंगाच्या) मागे ठेवा, कोरलच्या आउटलाइन पेनमध्ये तसा पर्याय आहे. नाहीतर ध, भ, थ यांची पोटं बुजतात, आणि युनिकोड फॉन्टमध्ये दोन अक्षरं जिथे शिरोरेषेवर भेटतात तिथे सांध्याची रेघ दिसते.

सॉल्व्हंट_सोलापूर

मी प्रेसवर मशीन चालवतो. ताईंच्या फाईली कदाचित आमच्याकडेच येत असतील, माहीत नाही. आमच्या बाजूनं चार शब्द.

फाईल पाठवताना सीएमवायके (छपाईचे चार रंग: निळा, गुलाबी, पिवळा, काळा) टिफ, एलझेडडब्ल्यू पद्धतीनं दाबून, खऱ्या मापात. वीस बाय दहा ७२ डीपीआयवर काढलात तर उघडल्यावर सहाशे एमबीच्या घरात जाते. तीच ३६ वर दीडशे एमबी, आणि तेवढ्या उंचीवर टांगल्यावर फरक दिसत नाही. चाळीस फुटी बोर्ड ७२ वर फोटोशॉपच्या पीएसडीत मावतच नाही, तिथे एका बाजूला ३०,००० पिक्सेलची हद्द आहे. लोक मग रात्री अकराला फोन करतात की सेव्ह होत नाही.

काळं नुसतं के-१०० दिलं की फ्लेक्सवर करडं येतं. मोठ्या काळ्या भागाला सी-४०, एम-३०, वाय-३०, के-१०० द्या. चारही शंभर करणारे महाभाग आहेत. ती शाई वाळत नाही, रोल गुंडाळला की पाठीला चिकटते आणि मग प्रेसवाल्याच्या नावानं बोंब. भगवा एम-६५, वाय-१०० च्या आसपास ठेवा. स्क्रीनवरचा झळकता आरजीबी भगवा फ्लेक्सवर येणार नाही. गिऱ्हाइकाला तो मोबाइलवर दाखवूच नका, सीएमवायके करूनच दाखवा.

टेम्प्लेटची मापं रोल बघून ठरवा. रोल तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा फुटी येतात. साडेचार फुटी काम पाच फुटीवर जातं आणि बिलही पाचाचं लागतं. बहुतेक मशीन दहा फुटांपर्यंतच छापतात, त्याच्यावर जोड येतो. तेव्हा मोठ्या आकाराच्या टेम्प्लेटमध्ये दहा फुटांवर एक गाइडलाइन मारा आणि तिच्यावर कुणाचे डोळे येऊ देऊ नका. साहेबांच्या नाकावरून जोड गेलेला बॅनर परत छापायला लागतो, दोन्ही वेळचे पैसे कोण देणार?

फाईलच्या नावातच सगळं लिहा: सहा बाय चार, दोन नग, स्टार फ्लेक्स, आयलेट (दोरी ओवायच्या कड्या). मेसेजमध्ये वेगळं लिहिलं की ते सापडत नाही.

कराडचा_फ्लेक्सवाला

सोलापूरकरांनी जोडाचं बोललात ते बरं झालं. त्याला धरून कडेचं सांगतो.

बॅनर लाकडी किंवा पाइपच्या फ्रेमवर चढणार असेल तर चारी बाजूंनी दोन-तीन इंच मागे वळतात. आयलेट असेल तर ती कडेपासून इंचभर आत बसते. टेम्प्लेटमध्ये खऱ्या मापानं चार इंच आत एक चौकट आखा. तिच्याबाहेर फक्त पार्श्वभूमी, एक अक्षर नको. शिवाय चौकातल्या बॅनरचा खालचा फूट-दीड फूट रिक्षा, हातगाड्या आणि उभ्या मोटरसायकली खातात. दुकानाच्या उद्घाटनाच्या बॅनरला फोन नंबर तळाला टाकायची सगळ्यांना सवय आहे. तो वर घ्या, नावाच्या शेजारी. तळाला शुभेच्छुक राहू देत, ते आपापल्या फोटोपाशी उभं राहून सेल्फी काढतातच.

अगदी खाली तीन इंचांची साधी पांढरी पट्टी प्रत्येक टेम्प्लेटमध्ये कायमची ठेवा. परवानगी क्रमांक, मुदत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, मुद्रक. सार्वजनिक जागी लेखी परवानगीशिवाय बॅनर लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यात बसत नाही, आणि घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेल्यापासून विचारपूस वाढली आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "ते असू दे, नंतर बघू." पट्टी रिकामी दिसली की निदान त्याला विचारता येतं. निवडणुकीच्या काळात तर हयगय नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे प्रचाराच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढारी सुटतो, छापणारा कागदावर सापडतो.

गणपतीच्या टेम्प्लेटला एक जागा वेगळी लागेल, "वर्ष ४७ वे" ती. छोटी दिसते, पण मंडळाची पोरं आधी तीच बघतात.

पिक्सेलपंत

मागे घेतो, कॅनव्हा राहू द्या. एक शंका: प्रभागवार बॅनर असतात, सगळं तेच आणि फक्त प्रभागाचं नाव वेगळं. ते एकेक करून बदलता?

अक्षरवेडी_पुणे

नाही. कोरलमध्ये प्रिंट मर्ज आहे. नावांची यादी एकदा भरली की प्रत्येक नावाची प्रत आपोआप निघते. फोटोही बदलायचे असतील तर इनडिझाइनचा डेटा मर्ज किंवा फोटोशॉपची व्हेरिएबल्स बघा. पण बार्शीच्या दुकानाला आत्ता त्याची घाई नाही.

बार्शीची_डीटीपीवाली

सगळ्यांचे आभार. पहिली कुठली बांधायची त्यावर मामांशी वाद झाला, त्यांना वाढदिवस हवा होता. मी दशक्रियेची घेतली. फोटो एक, वरची पट्टी नाही, शुभेच्छुक नाहीत, आणि ऑर्डर नेहमी रात्रीच येते. सहा बाय चार आणि स्टँडी असे दोन आकार झाले, फॉन्ट मुक्ता, तळाला पांढरी पट्टी.

एकच अडलं. नावाआधी "कै." टेम्प्लेटमध्ये टाकूनच ठेवू ना? घाईत तेवढं टायपिंग वाचतं.

कराडचा_फ्लेक्सवाला

नको ताई. ती जागा रिकामीच ठेवा. वारकऱ्याचं घर असेल तर "वै." (वैकुंठवासी) लागतं, वर "ह.भ.प." असतंच. बौद्ध घरी "कालकथित" लिहितात. मुसलमान घरी "पै." (पैगंबरवासी) लागतं, आणि आमच्या कराडात तेच "पै." पैलवानाला लावतात. आधीपासून "कै." भरलेलं असलं की रात्रीच्या घाईत ते तसंच छापून जातं. रिकाम्या जागेत लाल रंगात "विचारा" असं लिहून ठेवा, आणि तो लेयर नॉन-प्रिंटेबल नको, प्रिंट होईल असाच ठेवा. प्रूफ पाठवलं की तुमच्याआधी घरच्यांनाच दिसेल.

"शोकाकुल" खालीही तसंच. नावं वयाच्या क्रमानं लागतात, मुलींची घालायची की नाही तेही घर ठरवतं. तिथे गोल नकोत, नुसत्या ओळी, दोन रकाने. बाराच्या वर गेल्या तर "समस्त परिवार" लिहायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.